काळजाची राखण

माझ्या कामाला मराठीत धड नाव नाही. डॉ. दोशींनी माझ्यासाठी 'कार्डिओग्राम टेक्निशियन' असा रबरी शिक्का करून आणला होता, पण तो वाचतंय कोण. पेशंटांच्या लेखी मी 'पट्टीवाली बाई' होते. "आधी पट्टीवाल्या बाईकडं जावा, मग डागदर बघत्यात," असं बाकावरचा जुना पेशंट नव्या पेशंटला सांगायचा आणि मला ते आत ऐकू आलं की उगीच पदर सारखा करावासा वाटायचा.

दोशी हे हृदयाचे डॉक्टर. सोलापुरात सात रस्त्याजवळ त्यांचा दवाखाना होता. पुढे त्यांची तपासायची खोली, मागे माझी. माझ्या खोलीत एक उंच कॉट, एक हिरवा पडदा आणि ते मशीन. मशीन दिसायला बाजाच्या पेटीसारखं, उचलायला गेलं तर एकट्याला न आवरणारं. काम सांगायला सोपं आहे. पेशंटला उताणं झोपवायचं, मनगटांना आणि घोट्यांना धातूच्या पट्ट्या बांधायच्या, त्यांच्याखाली मिठाच्या पाण्यात भिजवलेलं कापड ठेवायचं. छातीवर ठरलेल्या जागी एक लहानशी वाटी रबरी फुग्याने चिकटवायची. मग कळ दाबली की मेण लावलेल्या कागदावर तापलेली सुई हलू लागते आणि काळ्या रेघेचे डोंगर उमटत जातात. काळजाचा प्रत्येक ठोका पडण्याआधी त्याच्यातून अगदी बारीक वीज जाते. मशीन ती वीज मोजतं, इतकंच.

लोकांना मात्र वाटायचं, मशीन वीज सोडतं. एका म्हाताऱ्या टांगेवाल्याने पट्ट्या बांधताना माझा हात धरला. "बेटी, ये मशीन शाक तो नै मारती ना?"

मी म्हटलं, "उलटं आहे चाचा. तुमचाच करंट मशीनला लागतो."

त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "तो फिर मशीन को संभालो."

मोहोळकडच्या एका बागाईतदाराने बायकोला आधी खोलीबाहेर घालवलं आणि मग मला हळूच विचारलं, "मनातलं काय काय उमटतंय ह्यात?" मी सांगितलं, मनातलं काही उमटत नाही. तेव्हा कुठे ते निवांत झाले आणि मला त्यांची चांगली सरळ रेघ मिळाली. भ्यालेल्या माणसाची रेघ थरथरते. म्हणून माझ्या कामातला निम्मा भाग बोलण्याचा होता. दुसऱ्या निम्म्यात वीज गेली की पंख्याने वारा घालायचा.

हे असं चाललं होतं. हृदयाचा पेशंट म्हणजे छातीत कळ आलेला, नाहीतर लहानपणी सांधे धरून झडपा खराब झालेला, एवढंच मला माहीत. कॅन्सरचा आणि माझ्या मशीनचा काही संबंध येईल असं कधी वाटलं नव्हतं. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं असतील. एके दिवशी दुपारी डॉ. इनामदार स्कूटरवरून आले. ते गावाबाहेरच्या दवाखान्यात कॅन्सरचे पेशंट पाहायचे. दोशींचे कॉलेजातले सोबती. एरवी आल्या आल्या चहा मागणारा माणूस, त्या दिवशी चहा समोर ठेवला तरी हात लावेना.

त्यांचा एक पेशंट गेला होता. शाळेत शिकवणारे गृहस्थ. काखेत, मानेत गाठी होत्या. इनामदारांनी त्यांना एक नवं औषध दिलं होतं, मुंबईहून मोठ्या खटपटीने मागवलेलं. गाठी गुळाच्या खड्यासारख्या विरघळल्या. मास्तर पुन्हा शाळेत जायला लागले, त्यांनी पेढे वाटले. काही महिन्यांनी पाय सुजले, दम लागू लागला, आणि काळीज थकून ते गेले. गाठ एकही राहिली नव्हती.

"कॅन्सर बरा झाला रे," इनामदार म्हणाले, "आणि माणूस गेला. औषधाने काळजावर ताण येतो हे पुस्तकात लिहिलेलं आहे. पण माझ्याकडे ते बघणारं कोणी नाही. तू बघ."

दोशी एवढंच म्हणाले, "पाठव. पहिल्या डोसाच्या आधीच पाठव, नंतर नको."

त्या औषधाची बाटली इनामदारांनी एकदा मला दाखवली. आत लालभडक, कुंकू पाण्यात कालवल्यासारखं. शिरेतून अगदी सावकाश द्यायचं, शिरेबाहेर थेंब सांडला तर मांस जळतं. दिल्यावर लघवीही लाल होते, त्यामुळे आधी सांगितलं नाही तर पेशंट घाबरून ओरडतो. इनामदारांनी मला ते ज्या पद्धतीने समजावलं ते माझ्या कायमचं लक्षात राहिलं. बाकीची औषधं शरीर विसरतं, हे विसरत नाही. प्रत्येक डोस काळजात आधीच्या डोसावर जाऊन बसतो. एका मर्यादेपर्यंत काळीज काही बोलत नाही. मर्यादा ओलांडली की परतीची वाट नाही. आणि काही माणसांची मर्यादा पुस्तकातल्यापेक्षा बरीच अलीकडे असते. ती कुठे आहे, हे आधी कळावं म्हणून आमची राखण.

अशी राखण करत असताना महादेवी आमच्याकडे आली.

वळसंगची, शेतकरी घरातली, लग्नाला फार काळ न झालेली. मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी, आवळ्याएवढ्या. बरोबर सासू आणि नवरा. घरात कानडी, बाहेर मराठी, अशी ती माणसं. सासूला सगळे अव्वा म्हणत, म्हणजे कानडीत आई. अव्वा बोलक्या. नवरा गुरुलिंग इतका मुका की पहिल्या खेपेला मला वाटलं, तो दुसऱ्याच कुणाबरोबर आलाय. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचा, आत यायचा नाही.

महादेवी कॉटवर झोपली आणि छताकडे बघत म्हणाली, "बाई, रोग मानंत हाय. छाती कशाला बघताय?"

मी तिला खरं तेच सांगितलं. औषध भारी आहे, गाठी मारतं, पण काळजालाही दमवतं. म्हणून प्रत्येक वेळी आधी काळजाला विचारायचं आणि मगच द्यायचं.

"आनि त्यानं नको म्हनलं तर?"

"तर नाही द्यायचं."

"बरं हाय," ती म्हणाली. "मला कुनी कवा इचारलं न्हाय. त्याला तरी इचारा."

तिची पहिली रेघ फार सुंदर होती. दुसरा शब्द मला सुचत नाही. उंच, टोकदार, एकसारखे डोंगर. शेतात राबलेल्या पोरीचं काळीज. दोशींनी तिची नाडी आडवं झोपवून मोजली, मग दवाखान्याचा जिना चढायला लावून मोजली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, नडगीवर बोट दाबून खड्डा पडतो का पाहिलं आणि इनामदारांना निरोप दिला, सुरू कर.

मग मी जे पाहिलं ते आजही मला नीट सांगता येत नाही. पहिल्या खेपेला मानेभोवती पदर घट्ट लपेटून आलेली मुलगी दर खेपेला थोडा थोडा पदर सैल करत गेली. आवळ्यांची बोरं झाली, बोरांचे वाटाणे झाले. त्याच वेळी डोक्यावरचा केस न् केस गेला, भुवया गेल्या, तोंडात फोड आले, भाकरीचा वास सोसेना. ती बशीत निवलेली पेज घेऊन बाकावर बसायची, आणि अव्वा शेजारी बसून कानडीत काहीतरी सांगत राहायच्या. शेजारणींच्या भानगडी असाव्यात, कारण महादेवी फोड आलेल्या तोंडाने हसायची आणि हसलं की दुखतं म्हणून सासूच्या मांडीवर चापट मारायची.

एका खेपेला रेघ लहान आली.

वाटी इकडची तिकडे लागली तरी असं होतं, म्हणून दोशींनी मला सगळ्या जागा पुन्हा मोजून परत काढायला लावलं. परत काढली. तशीच. डोंगर खुजे झाले होते, आणि आडवं पडूनसुद्धा नाडी पळत होती. दोशींनी नळी लावली, डोळे मिटले आणि मग नळी माझ्या कानात दिली. "ऐका. टांग्याचा घोडा ऐकलाय ना?"

काळजाचे दोन ठोके असतात, लब आणि डब. तिथे तीन होते. टप-टप-टप, टप-टप-टप. घोडा दूरवरून दौडत येतोय असं वाटलं. थकलेल्या काळजाचा तो आवाज. महादेवी माझ्या तोंडाकडे बघत होती म्हणून मी हसले.

इनामदारांना बोलावून घेतलं. दोघे डॉक्टर माझ्याच खोलीत उभे राहून बोलले, कारण बाहेर पेशंट होते. इनामदार म्हणाले, "उजवीकडे अजून एक गाठ हाताला लागतेय. आत्ता थांबलो तर रोग उलटेल. दोनच डोस देऊ दे म्हणतोय मी."

"दोन डोसांनी गाठ जाईल," दोशी म्हणाले, "आणि तिच्यामागून ही जाईल. मास्तर आठव."

कोणाचंच चुकत नव्हतं, हे सगळ्यात अवघड. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे ती मुलगी चादर छातीशी धरून उठून बसलेली.

तिनेच विचारलं, "दुसरं औशद न्हाय का?"

होतं. इतकं जोरकस नव्हतं. त्याच्या जोडीला कोबाल्टचे किरण देता येणार होते. इनामदारांनी सगळं उघड सांगितलं. खात्री नाही, हेही सांगितलं. महादेवीने अव्वाकडे पाहिलं, मग म्हणाली, "तसंच करा मग. मरायचं तर मरीन, पर दमून न्हाय. मला घरात पानी शेंदायचं आसतंय."

"पाणी शेंदायचं नाही आता," दोशी म्हणाले. "कधीच नाही."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "मी शेंदतो."

गुरुलिंगचा आवाज मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला. वळसंगच्या विहिरीवर बायकांच्या घोळक्यात पुरुषाने घागर घेऊन उभं राहणं म्हणजे काय, हे तिकडच्या माणसालाच कळेल. अव्वांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

किरणांच्या वेळी मी हट्टाने इनामदारांच्या दवाखान्यात गेले. गळा आणि छातीचा वरचा भाग शेकायचा, पण खाली काळीज आहे, त्याला किरण लागता कामा नये. त्यासाठी शिशाचे ठोकळे होते. किरण सोडण्याआधी मशीनमधला साधा दिवा लावतात आणि ठोकळे सरकवत त्यांची सावली अंगावर पाडतात. जिथे सावली तिथे किरण जात नाही. अंधाऱ्या खोलीत महादेवी निश्चल पडली होती, गळ्यावर पिवळा उजेड होता आणि डाव्या छातीवर काळी, गडद सावली. तुझं इवलंसं, घोड्यासारखं धावणारं काळीज त्या सावलीत बसलंय, हे तिला सांगावंसं वाटलं. पण तिथे बोलायची परवानगी नव्हती.

शेवटची गाठ गेली. किरणांनी, औषधाने की तिच्या नशिबाने, कोण सांगणार. इनामदार दर खेपेला तिची मान चाचपायचे आणि हात काढून घेताना जरा थांबायचे, जणू बोटांचा विश्वास बसत नाहीये.

आता राखण नुसती काळजाची राहिली. नाडी आवरणाऱ्या गोळ्या, अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळ्या, उताराने चालायचं, चढाने नाही, आणि मीठ बंद. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं आणि ते पाणी काळजाला उपसावं लागतं. हे दोशी सगळ्यांना सांगायचे आणि कोणी पाळायचं नाही. शेंगांच्या चटणीशिवाय घास न उतरणारा आमचा मुलूख. मी अव्वांना विचारलं, "ती खाते का अळणी? तुमचं बघून मन होत असेल."

"आमचं काय बघतीया," अव्वा म्हणाल्या. "घरात मीठच ठेवलं न्हाय. समद्यांचंच आळनी. पयल्यांदा गुरलिंग ताटावरनं उठला, मग गप खाल्लं. बैलाला घालायचं मीठ हाय तेवडं गोट्यात."

हळूहळू ते तिसऱ्या ठोक्याचं दौडणं मंदावलं आणि एके दिवशी ऐकू येईनासं झालं. रेघेचे डोंगर पहिल्याइतके कधीच झाले नाहीत, पण खुजेपणा सरला. केस आले, आणि आधी सरळ होते ते कुरळे आले. दोशींनी तिला आणि गुरुलिंगला समोर बसवून बजावलं, मूल होऊ द्यायचं नाही. लाल औषधानंतर होईलच याची खात्री नाही, पण झालं तर हे काळीज ते ओझं पेलणार नाही. दोघांनी माना डोलावल्या.

मग ती यायची थांबली. दोन वेळा मी वळसंगच्या माणसाबरोबर निरोप पाठवला. आली ती संक्रांतीनंतर, पदर पुढे ओढून. मी तिला कॉटवर झोपवलं आणि पदर बाजूला केला.

"कितवा?"

"पाचवा सरला." ती छताकडे बघत होती. "तुमीच सांगा डागदरास्नी."

दोशी आले, कॉटपाशी उभे राहिले. मग म्हणाले, "मी सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं हुतं. म्हनून तर आले न्हाय. आले आसते तर तुमी थांबीवलं आसतं."

"घरी माहीत होतं?"

"दिसाय लागलं तवा कळलं समद्यास्नी. मी बोलले न्हाय कुनाला." मग तिने मान वळवून सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "सायेब, गाठी झाल्या तवा लोक माज्यासमोर माजं नाव घिऊन 'होती, होती' म्हनायचे. मी जगले. आता जगल्यागत ऱ्हावं की."

दोशींनी खुर्ची ओढली, तिची नाडी हातात घेतली आणि शांतपणे मला म्हणाले, "शालनबाई, रेघ काढा."

त्या दिवसापासून तिला वळसंगला परत जाऊ दिलं नाही. आमच्याच रस्त्यावर डॉ. मालतीबाईंचं प्रसूतिगृह होतं, तिथे एका खोलीत तिला ठेवलं. पाठीला उशा, दिवसभर विश्रांती, अळणी जेवण. पोटात बाळ वाढतं तसं आईच्या अंगातलं रक्त वाढतं. धडधाकट काळजाला ते कळतही नाही. तिच्या काळजासाठी तो रोजचा चढ होता. पण खरी भीती वेगळीच, आणि ती दोशींनी मालतीबाईंना आणि मला आधीच समजावून ठेवली होती. बाळ बाहेर आलं की गर्भाशय आकसतं आणि त्यातलं सगळं रक्त एकाच लोंढ्यात काळजाकडे येतं. बांध फुटल्यासारखं. आपण सगळे ज्या क्षणी हसतो, तोच क्षण सांभाळायचा.

कळा सुरू झाल्या तेव्हा दुपार होती आणि बाहेर ऊन भाजत होतं. मशीन दोघांनी उचलून आणलं. मी पट्ट्या बांधल्या. महादेवीला बसतं ठेवलं होतं, जोर लावायचा नाही असं बजावलं होतं, आणि मालतीबाई चिमट्याने बाळ काढणार होत्या. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला जे इंजेक्शन नेहमी देतात, ते गर्भाशय झटक्याने आवळतं, म्हणून मालतीबाईंनी ते ट्रेमधून स्वतःच्या हाताने उचलून कपाटात बंद केलं, चुकून कोणी भरू नये म्हणून.

दोन कळांच्या मधे ती मला विचारायची, "रेघ कशी हाय?"

"पळतीय."

"पळू दे. पडू नगं म्हनावं."

बाळ आलं. मुलगी. लहानखुरी, आल्या आल्या रडली. मालतीबाई हसल्या, आया हसली, मीसुद्धा हसले. दोशी हसले नाहीत. ते महादेवीच्या मानेवरच्या शिरेकडे बघत होते.

ती खोकली. एकदा, दोनदा. मग हात पुढे करून हवेत काहीतरी धरायला बघू लागली आणि ओठांवर गुलाबी फेस आला. फुफ्फुसात पाणी भरत होतं. बसल्याजागी बुडत होती ती.

दोशींचा आवाज चढला नाही. तिला कडेला पाय सोडून बसवलं, ऑक्सिजन लावला, शिरेत एकामागून एक दोन इंजेक्शनं दिली आणि मला म्हणाले, "पट्टे." हे आमचं ठरलेलं होतं. हातापायांपैकी तिहींना वर रबरी पट्टे आवळून बांधायचे, म्हणजे तेवढं रक्त हातापायांतच अडतं आणि काळजाचा भार कमी होतो. थोड्या वेळाने एक सोडायचा, चौथ्याला बांधायचा. असं फिरवत राहायचं. मी जन्मभर त्याच हातांना, त्याच पायांना काळजाची खबर घ्यायला पट्ट्या बांधल्या. त्या दुपारी काळजाचं ओझं धरायला बांधत होते. महादेवीचा घाम माझ्या हातांवर टपकत होता. तिचे डोळे माझ्यावर होते आणि त्यांत भीती नव्हती. मला अजून उमगलेलं नाही, त्या डोळ्यांत काय होतं. लक्ष होतं. एवढंच म्हणता येईल.

आधी फेस थांबला. मग श्वासातली घरघर. मग कागदावरचे डोंगर जरा लांब लांब पडू लागले. सगळ्यात शेवटी लघवीची पिशवी भरू लागली, म्हणजे अंगातलं पाणी उतरू लागलं. पिशवीतल्या त्या पाण्याकडे डॉक्टर, बाई, आया अशा सगळ्यांनी डोळे लावून पाहावं, हे आमच्याच धंद्यात होतं.

मी दार उघडून बाहेर आले. अव्वा जमिनीवर बसल्या होत्या. आयाने बाळ दुपट्यात गुंडाळून त्यांच्यापुढे धरलेलं होतं, पण त्यांनी हात पुढे केलेले नव्हते.

"ती हाय?"

"आहे."

"बोलतीया?"

"दम लागलाय अजून. पण बोलेल."

मग त्यांनी हात पुढे केले. "आता सांगा, काय झालंय आमाला."

संध्याकाळी महादेवीला बरं वाटल्यावर दोशींनी बाळ तिच्या उशीशी ठेवलं आणि आपली नळी तिच्या कानांत घातली. तिने ऐकलं. तिच्या कपाळावर आठी आली. "लई पळतंय की ह्येचं."

"बाळाचं तेवढंच पळायला हवं," दोशी म्हणाले. "तुझं नाही."

ती कितीतरी वेळ ऐकत राहिली. माझ्या खोलीत अगणित काळजं येऊन गेली, पण स्वतःच्या मोडक्या काळजाने दुसरं काळीज घडवून ते कान देऊन ऐकणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मी निवृत्त होईपर्यंत ती येत होती. गाठ परत आली नाही. गोळ्या सुटल्या नाहीत. पुढे पुढे मुलगीच तिला घेऊन यायची. सगळ्यांचं असं झालं नाही. काहींची रेघ आम्ही ओळखली तेव्हा उशीर झाला होता, काही एकदा बरं वाटल्यावर फिरकलेच नाहीत, आणि काहींनी गाठी गेल्या म्हणजे सगळं संपलं असं समजून काळजाकडे बघितलं नाही. त्यांची तोंडं आठवतात. आता म्हणे काळजाचं चित्र पडद्यावर हलताना दिसतं, औषध देण्याआधी सगळीकडे पाहतात. बरं वाटतं ऐकून.

पण मला सांगायचंय ते बाळंतपणानंतरच्या पहिल्या तपासणीचं. सगळे आले होते. अव्वांच्या खांद्यावर बाळ, महादेवी खुर्चीत, गुरुलिंग चौकटीला. रेघ ठीक होती. दोशींनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "आता पुन्हा असं चालणार नाही. एकदा वाचली. तिचं ऑपरेशन करून टाकावं, पण गुंगी द्यायची म्हणजे या काळजाला पुन्हा धोका. म्हणून मी विचार करतोय..."

ते दिवस कसले होते, हे तरुण वाचकांना सांगायला हवं. आणीबाणी उठून फार काळ झाला नव्हता. पुरुषांच्या नसबंदीचं नाव काढलं तरी खेड्यातली माणसं उठून जायची. जीप दिसली की तरणेताठे गडी उसात जाऊन झोपत, अशा गोष्टी आम्ही ऐकलेल्या. दोशींनाही तो शब्द तोंडातून काढवेना.

"तिला नगं," गुरुलिंग म्हणाला. "माजं झालंय."

दोशींना कळलं नाही. "काय झालंय?"

"आपरेशन. सरकारी दवाखान्यात जाऊन आलो."

महादेवीने त्याच्याकडे पाहिलं. तिला माहीत नव्हतं हे उघड होतं. दोशींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "बरं केलंस." अव्वा मला म्हणाल्या, "बाई, ह्यो मला सांगितल्याबिगर कवा बैलसुदीक इकत न्हाय." मग बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं, आणि नातीच्या पाठीवर थोपटत पुन्हा म्हणाल्या, या वेळी स्वतःशीच, "बैलसुदीक न्हाय."

ते निघाले तेव्हा मी खिडकीशी गेले. वळसंगची बस सुटायची वेळ झाली होती. अव्वा बाळाला घेऊन ताडताड पुढे गेल्या होत्या आणि वळून वळून कानडीत ओरडत होत्या, "लगू बर्री, लगू बर्री," लवकर या म्हणून. मागे महादेवी काळजाला जपत एकेक पाऊल टाकत होती आणि तिच्या शेजारी गुरुलिंग, टाके ताजे असावेत, पाय फाकवून तसाच सावकाश. दोघांनाही घाई करता येत नव्हती. सात रस्त्याची सगळी गर्दी त्यांना ओलांडून पुढे जात होती.